आजोबांच्या वस्तऱ्याला शिसवी मूठ: लाकडाआधी पात्याचा आणि पावसाचा विचार

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी भागातील एका गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या आजोबांचा दाढीचा वस्तरा जुन्या ट्रंकेत सापडला. पात्याच्या मुळाशी ‘सोलिंगेन’ (पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) आणि ‘जर्मनी’ असे ठसे आहेत, पाते पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा) रुंद आहे, पिवळसर मुठीला तडे गेले आहेत आणि मुठीत झाकल्या जाणाऱ्या भागावर तांबूस गंज चढला आहे. घरात मोडक्या पाळण्याचा शिसवी दांडा आहे. त्यातून नवी मूठ करून हा वस्तरा स्वतः वापरावा, असा त्यांचा मानस आहे. पाते आरशासारखे चकचकीत करता येईल का, मुठीला कोणते पॉलिश द्यावे आणि गावातल्या सुताराकडून हे काम होईल का, असेही त्यांनी विचारले आहे. जुन्या मुठीवर आजोबांनी सुईने कोरलेली आद्याक्षरे आहेत, त्यांचे काय करावे हा त्यांचा शेवटचा प्रश्न आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची साचे-हत्यारे बनवणाऱ्या विभागात, उमेदीची वर्षे काढली आणि गेली वीस-बावीस वर्षे जुने वस्तरे दुरुस्त करतो आहे. त्या अनुभवावरून सांगतो की, प्रश्न लाकडाचा म्हणून विचारला असला तरी खरी अडचण लाकडाची नाही. लाकूड हवेतला ओलावा पिते आणि पोलादाला ओलाव्यानेच गंज चढतो. या दोघांना जून ते सप्टेंबर हे चार महिने एकमेकांच्या इतके जवळ ठेवायचे आहे की, मधले अंतर जेमतेम कागदाच्या चार-सहा घड्यांएवढे असेल. हाच शिसवीचा तुकडा अथणी-रायबागच्या कोरड्या हवेत एक वागेल आणि जांबोटी-कणकुंबीच्या पावसात दुसरे. म्हणून माझे उत्तर आपल्या गावाच्या हवेपुरते आहे असे समजावे.

सर्वांत आधी जुन्या मुठीकडे पाहा, कारण गंजाचे कारण बहुधा तिथेच सापडेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पुढे बऱ्याच वस्तऱ्यांच्या मुठी सेल्युलॉइडच्या होत असत. हस्तिदंताचा किंवा कासवाच्या पाठीचा देखावा त्यात स्वस्तात साधता येई. सेल्युलॉइडमध्ये कापूर घातलेला असतो. मुठीचे टोक कोमट पाण्यात क्षणभर बुडवून अंगठ्याने चोळले आणि देवघरातल्यासारखा कापराचा वास आला, तर मूठ सेल्युलॉइडचीच आहे. तापलेली सुई टोचून परीक्षा करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नका, कारण हा पदार्थ भडकन पेट घेतो. जुने झालेले सेल्युलॉइड हळूहळू विघटित होते, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात आणि हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचे नायट्रिक आम्ल बनते. मुठीबाहेर राहणारा पात्याच्या मुळाकडचा भाग बरा आणि मुठीत बसणारा भाग खाल्लेला, हे लक्षण बहुतेक वेळा या आम्लाचेच असते. तसे असेल तर लाकूड शोधण्याआधी, आजच्या आज पाते आणि मूठ वेगळी करा. पाते मुठीत राहील तितके दिवस ते झिजतच राहील. मूठ हाडाची, शिंगाची किंवा हस्तिदंताची निघण्याचीही शक्यता असते. हाडावर बारीक काळे ठिपके दिसतात, तर हस्तिदंताच्या आडव्या छेदावर एकमेकींना छेदणाऱ्या रेषांची जाळी दिसते. हस्तिदंत निघाल्यास त्याची विक्री वा देवाणघेवाण 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते, तेव्हा वनखात्याला विचारल्याशिवाय पुढे काही करू नये.

‘जर्मनी’ या ठशावरून काळाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. 1887 च्या ब्रिटिश कायद्याने परदेशी मालावर मूळ देशाचे नाव घालण्याचा आग्रह धरला आणि 1890 च्या अमेरिकी जकात कायद्यानेही तीच अट घातली. त्यामुळे असा ठसा असलेले पाते बहुधा त्यानंतरचे असते. यापेक्षा नेमके वर्ष ठशावरून काढता येत नाही, आणि दुरुस्तीसाठी त्याची गरजही नाही.

मूठ सोडवताना खिळे उपटू नयेत. कानशीच्या कोपऱ्याने खिळ्याची ठोकलेली टोपी घासून सपाट करावी, मूठ भोक पाडलेल्या लाकडी ठोकळ्यावर ठेवावी आणि दीड मिलिमीटरच्या पंचाने खिळा हलक्या ठोक्यांनी खाली उतरवावा. त्याआधी पात्याच्या धारेला कागदी चिकटपट्टीचे तीन-चार थर लावून घ्यावेत. मूठ निघाली की बाजूला ठेवण्याआधी ती जाड पुठ्ठ्यावर ठेवून टोकदार पेन्सिलीने आखून घ्या आणि दोन्ही भोकांच्या जागा त्यावर नोंदवा. नवी मूठ किती लांब, किती रुंद आणि भोक नेमके कुठे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या पुठ्ठ्यावर असतात, आणि ती अंदाजाने काढू गेल्यास चूक होतेच.

आता पाते. ते दुरुस्तीच्या लायकीचे आहे की नाही हे आधी ठरवायला हवे. दहापट मोठे दाखवणारे भिंग घेऊन, उजेडाकडे धरून, धार टोकापासून मुळापर्यंत सावकाश पाहा. धारेपासून पाठीकडे जाणारी केसाएवढी रेघ दिसली आणि ती पुसून जात नसेल, तर ती चीर आहे. चिरलेले पाते चेहऱ्याला लावायचे नाही. ते आठवण म्हणून जपावे आणि नवी मूठ करण्याचे कष्ट घेऊ नयेत. चीर नसेल तर गंजाने पडलेले खड्डे कुठे आहेत ते पाहा. पात्याच्या अंगावरचे खड्डे केवळ दिसायला वाईट असतात, पण धारेवरचा एकच खड्डा दाढी करताना खडबडीत लागतो. धारेपासून अर्ध्या-एक मिलिमीटरच्या आतला खड्डा दगडावर घासून काढता येतो. त्यापलीकडे खोल गेलेल्या गंजाबद्दल मी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हमी देणार नाही.

पाते आरशासारखे करावे का, याला माझे स्पष्ट उत्तर नाही असे आहे. आरशासारखी चकाकी यायची तर सर्वांत खोल खड्ड्याच्या तळापर्यंत सगळे पोलाद घासून काढावे लागते. या पात्यांच्या बाजू आधीच आतून पोकळ घासलेल्या असतात आणि धारेजवळ त्या इतक्या पातळ होतात की, अंगठ्याच्या नखावर हलके दाबल्यास वाकलेल्या दिसतात. तिथले पोलाद काढून टाकणे म्हणजे पात्याचा जीव काढणे होय. शिवाय मुळावरचा ठसा पुसट होतो, तो वेगळाच. तेलात भिजवलेला 600 नंबरचा पाणीकागद बुचाच्या तुकड्याला गुंडाळून तांबडा गंज काढावा, मग 1000 आणि 2000 नंबरने फिरवून थांबावे. काळसर डाग राहिले तर राहू द्यावेत. घासताना पाते नेहमी सपाट लाकडी फळीवर टेकलेले असावे आणि हात पाठीकडून धारेकडे जावा. पाठीच्या कण्याला मात्र कागद लावू नका, त्याचे कारण पुढे धारेच्या वेळी येईल. चिंच आणि लिंबू यांनी पितळ उजळते म्हणून तोच उपाय पात्यावर केलेला मी अनेकदा पाहिला आहे. आम्लाने पोलाद करडे पडते आणि नवा गंज लवकर धरतो.

इथे माझी एक चूक सांगतो. हे काम सुरू केले त्या वर्षी एका ओळखीच्यांच्या वडिलांचे पाते मी मोटारीवरच्या बफावर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या फिरत्या कापडी चाकावर, धरले. काम झटपट होते आहे याचे समाधान वाटत होते, तेवढ्यात पात्याच्या टोकाशी नखाएवढा भाग आधी गव्हाळ, मग जांभळा आणि मग निळा झालेला दिसला. वस्तऱ्याच्या पोलादात साधारण एक टक्का किंवा थोडे अधिक कार्बन असते. पाणी दिल्यावर, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर, ते सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापवून त्याची ठिसूळता कमी केलेली असते. निळा रंग येतो तो तीनशे अंशांच्या आसपास, म्हणजे तेवढ्या भागाचे पाणी उतरलेले असते आणि तिथे पुन्हा कधीही धार टिकत नाही. धारेजवळचे पोलाद पातळ असल्यामुळे ते तापायला दोन-तीन सेकंद पुरतात. त्या गृहस्थांना मी ते पाते परत दिले तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे मला पाहवले नाही. तेव्हापासून पात्याचे सगळे काम मी हातानेच करतो.

आता शिसवी. आपल्या भागात मुठीसाठी शिसवाइतके चांगले लाकूड मला दुसरे माहीत नाही. ते जड आणि घट्ट असते आणि पातळ कापले तरी ताठ राहते. खानापूरच्या वखारीत कानडी बोलणाऱ्यांकडे त्याला ‘बीटे’ म्हणून विचारावे लागते. पण नवे लाकूड विकत घेण्यापेक्षा पाळण्याचा दांडा कितीतरी चांगला, कारण तो दोन-तीन पिढ्या घरात वाळलेला आहे आणि शिसवाच्या तोडीवर-वाहतुकीवर असलेल्या निर्बंधांचा प्रश्नही त्यात येत नाही. सागवानही चालते, परंतु ते मऊ असते आणि त्याच्या तेलकटपणामुळे डिंक नीट धरत नाही. खैर मात्र या कामाला टाळावा. ज्या लाकडापासून कात निघतो त्यात टॅनिन भरपूर असते, आणि ओलसर लोखंडाशी टॅनिन आले की निळे-काळे डाग पडतात. शिसव कापताना-घासताना तोंडाला मास्क हवाच, कारण त्याच्या भुशाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते आणि श्वासाला त्रास होतो.

दांड्यातून दोन फाकी, म्हणजे मुठीच्या दोन बाजूंच्या पातळ पट्ट्या, काढायच्या, त्या एकमेकींच्या शेजारून. रेषा लांबीच्या दिशेने सरळ धावणाऱ्या हव्यात. नागमोडी रेषांचे सौंदर्य मोहात पाडते, पण भोकाजवळ रेषा तिरकी आली की मूठ तिथेच फाटते. प्रत्येक फाक कापताना साडेतीन मिलिमीटर जाड ठेवा आणि लगेच घासायला घेऊ नका. दोन्ही फाकी सुतळीने सैल बांधून, ज्या खोलीत वस्तरा राहणार त्याच खोलीत तीन आठवडे ठेवा. वाकायचे असेल ते लाकूड आत्ताच वाकते. मग त्या फाकी अडीच ते तीन मिलिमीटरवर आणाव्यात, दुहेरी चिकटपट्टीने एकमेकींना चिकटवाव्यात आणि भोके दोन्हीतून एकदमच पाडावीत. बाहेरचा आकार पुठ्ठ्याबरहुकूम ठेवावा. फक्त रुंदी एकदा पाते ठेवून ताडून पाहावी. वस्तरा मिटल्यावर धार मुठीच्या कडेच्या किमान दोन मिलिमीटर आत राहिली पाहिजे, कारण मुठीची ती बाजू उघडी असते आणि बोट नेहमी तिथेच जाते.

या साऱ्या कामाचा खरा कस पाचरीवर लागतो. मुठीच्या मागच्या टोकाला दोन फाकींच्या मध्ये जो छोटा तुकडा असतो, तो केवळ जागा भरण्यासाठी नसतो. पुढच्या टोकाला पात्याचे जाड मूळ फाकींना अलग ठेवते आणि मागच्या टोकाला पाचर. या दोन जाड्यांच्या ताणावर फाकी मधोमध किंचित बाहेर फुगतात आणि त्या पोकळीत पाते कोणत्याही बाजूला न टेकता बसते. पाचर पंधरा ते अठरा मिलिमीटर लांब, बाहेरच्या टोकाला सुमारे तीन मिलिमीटर जाड आणि आतल्या बाजूला निमुळती होत जवळजवळ शून्यावर आलेली असावी. ती मी काचेवर चिकटवलेल्या पाणीकागदावर बोटाच्या दाबाने घासतो. चार वेळा घासायची, उजेडापुढे धरून फाकींमध्ये बसवून पाहायची, पुन्हा चार वेळा घासायची. पाचर आणि फाक यांच्यामधून उजेडाची रेघ दिसत असेल तर ती बसलेली नाही. पाचरीची एक बाजू दुसरीपेक्षा जरा जास्त घासली गेली की पाते मिटताना त्या बाजूच्या लाकडाला घासते. पात्यावर खापर फोडण्याआधी म्हणूनच नेहमी पाचर तपासावी. माझा अर्धा दिवस एका पाचरीत जातो आणि तो वाया गेला असे मला कधी वाटलेले नाही.

पॉलिशचा प्रश्न इथेच घेतो, कारण ते मूठ जुळवण्याआधी द्यायचे असते आणि फाकींच्या आतल्या बाजूलाही द्यायचे असते. पुष्कळ जण केवळ बाहेरची बाजू पॉलिश करतात. मीही सुरुवातीला तसेच केले होते. एप्रिलमध्ये खानापूरला दिलेला एक वस्तरा जुलैमध्ये परत आला. बाहेरून बंद आणि आतून उघड्या लाकडाने एकाच बाजूने पाणी प्यायले होते, फाक आत वळली होती आणि मिटताना धार तिच्यावर आपटून दोन ठिकाणी तुटली होती. आपल्या सुतारांचे आवडते चपड्याचे (लाखेचे) पॉलिश दिसायला फार देखणे असते, पण पाण्याने ते पांढरे पडते आणि दाढीनंतरच्या स्पिरिटयुक्त लोशनात विरघळते, म्हणून ते या कामाचे नाही. उकळलेले जवसाचे तेल चांगले खरे, परंतु शिसवातील नैसर्गिक द्रव्ये ते सुकू देत नाहीत आणि मूठ आठवडेच्या आठवडे चिकट राहते. शिवाय जवसाच्या तेलाचा बोळा चुरगळून ठेवला तर आपोआप तापून पेटू शकतो, म्हणून तो पाण्यात बुडवूनच टाकावा. शिसवासाठी मी पातळ सुपरग्लूचे आठ-दहा अत्यंत पातळ थर देतो. आधी लाकूड अ‍ॅसिटोनने पुसतो, प्रत्येक थर सुकल्यावर 1000 नंबरचा कागद फिरवतो आणि भोकांच्या आतल्या भिंतींनाही एकेक थेंब सोडतो, कारण पाणी सर्वांत आधी तिथूनच शिरते. हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी, कारण त्याची वाफ डोळ्यांना झोंबते.

खिळ्यांसाठी ब्रेझिंगची 1.6 मिलिमीटरची पितळी काडी उत्तम, आणि ती वेल्डिंगचे सामान विकणाऱ्या दुकानात मिळते. एकदम ठोकाठोकी करू नका. आधी त्याच मापाचे बारीक स्क्रू आणि नट घालून सगळे जुळवा, पंचवीस-तीस वेळा उघडझाप करा आणि पाते मधोमध बसते याची खात्री पटली की एकेक स्क्रू काढून खिळा घाला. पात्याच्या मुळाच्या दोन्ही बाजूंना पातळ पितळी वॉशर हवेत, बाहेरही हवेत. खिळ्याचे टोक वॉशरच्या वर सुमारे एक मिलिमीटर ठेवून शंभर ग्रॅमच्या हातोडीच्या गोल बाजूने कडेकडेने फिरत ठोकावे. ठोके इतके हलके हवेत की शेजारच्या खोलीत ऐकू जाऊ नयेत. जोरात ठोकले की खिळा भोकाच्या आत फुगतो आणि लाकूड उकलते. पाते आपल्या वजनाने सुटून खाली पडणार नाही, पण दोन बोटांनी सहज उघडेल, इतके घट्ट झाले की थांबायचे.

धारेविषयी थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र विषय आहे. वस्तरा दगडावर पाजवताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी टेकलेल्या असतात, म्हणजे धारेचा कोन पात्याची रुंदी आणि पाठीची जाडी मिळून ठरवतात. पाठीला कागद लावू नका म्हटले ते यासाठी, कारण पाठ झिजली की कोन बदलतो. सपाट केलेल्या 1000 नंबरच्या दगडाने सुरुवात करून 4000, 8000 आणि जमल्यास 12000 पर्यंत जावे, आणि मग चामड्याच्या पट्ट्यावर, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून, चाळीस-पन्नास फेऱ्या द्याव्यात. पट्ट्यावर पलटताना पाते पाठीवरूनच पलटावे. एकदाही धारेवरून पलटले तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. ही पहिली धार आपण स्वतः करू नये, शिकलेल्या हाताकडून करून घ्यावी असे मला वाटते. गावात जुन्या पद्धतीचे केशकर्तनकार असतील, ज्यांनी वस्तऱ्यात घालून फेकायची अर्धी ब्लेड येण्याआधी दगडावर हात बसवला आहे, तर त्यांना विचारा. त्यांचा हात या कामात कोणत्याही पुस्तकापेक्षा पक्का असतो. आणि एक वस्तरा एकाच माणसाचा असावा, कारण रक्तातून पसरणारे कावीळीसारखे आजार धारेवरून दुसऱ्याकडे जातात.

सुताराविषयी विचारलेत. फाकी कापणे आणि रंधणे हे चांगला सुतार आपल्यापेक्षा नीट करील, तेवढे त्याच्याकडून जरूर करून घ्यावे. पाचर आणि खिळे मात्र मिलिमीटरच्या दहाव्या भागाचे काम आहे. ते घड्याळजी, सोनार किंवा टूलरूममध्ये काम केलेला माणूस अधिक चांगले करतो. सुतारकामात सूत हे माप पुरते आणि पात्याची रुंदीही जगभर त्याच आठव्या हिश्शात मोजतात, पण मुठीच्या आत सूत फार मोठे होते.

वेळेबद्दल एवढेच की फाकी पावसाळ्यात कापू नका. दिवाळीनंतर कापा, जानेवारी-फेब्रुवारीत मूठ जुळवा आणि पहिला पावसाळाभर दर आठवड्याला मिटलेला वस्तरा उजेडाकडे धरून पाते फाकीला टेकत नाही ना, ते पाहत जा. दाढीनंतर पाते पुसून, रात्रभर उघडे ठेवून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून मगच मिटावे. खोबरेल तेल लावू नये, त्याचा कालांतराने चिकट थर बसतो.

आणि आजोबांची आद्याक्षरे. जुनी मूठ सेल्युलॉइडची असेल तर ती आता हळूहळू भुगा होत जाणार, तिला वाचवता येणार नाही. म्हणून आधी अक्षरांवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा, अक्षरे कागदावर उमटतील. नव्या फाकीच्या आतल्या बाजूला, पाचरीजवळ, पॉलिश देण्याआधी तीच अक्षरे त्याच वळणाची सुईने कोरून घ्या. पाते तिथे पोचत नाही आणि हाताचा घामही लागत नाही. उरलेली जुनी मूठ कागदी पाकिटात, हवेशीर कपाटात, दिव्यापासून आणि देवघरापासून दूर ठेवावी, आणि पात्याबरोबर एका पेटीत ती पुन्हा कधीही ठेवू नये.